एकाच खोलीचे दोन दर

2022-23च्या हिवाळ्यात आयर्लंड सरकारने एक नियम केला. चालू असलेलं नर्सिंग होम मालकाने बंद केलं, तर पुढचे निदान 18 महिने ती इमारत निर्वासितांच्या निवासासाठी सरकार घेणार नाही. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की छोटं खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येतं. इथे, मी राहतो त्या आयर्लंडमध्ये, ते वृद्धांचं कायमचं घर असतं. स्वतःची खोली, चोवीस तास परिचारिका, जेवणखाण, औषधपाणी सगळं तिथेच. अशी घरं बंद करायची आणि त्याच इमारती युक्रेनमधून किंवा आणखी कुठून आलेल्या निर्वासितांसाठी सरकारलाच भाड्याने द्यायच्या, हा मार्ग काही मालकांना दिसू लागला होता. तो अडवण्यासाठी हा नियम.

नियम मला पटतो. पण तो करण्याची पाळी का आली, याचा विचार करू लागलं की सरकारची बाजू तितकी स्वच्छ राहत नाही. वृद्धाच्या खाटेचे पैसे मोजणारं सरकार, आणि निर्वासिताच्या खाटेचे पैसे मोजणारंही सरकारच. दोन्हीकडे गिऱ्हाईक एक. एका खात्याने खोलीला हात आखडून दर दिला, दुसऱ्या खात्याने गळ्याशी आल्यावर त्याच खोलीला मालकाला परवडेल असा दर दिला. ‘आपले म्हातारे बाहेर आणि परके आत’ असं जे भांडण पुढे गावोगावी पेटलं, त्याची सुरुवात या दोन दरांत आहे. ते मिटवायचं तर दरांनाच हात घालावा लागेल.

देशात साडेपाचशेच्या आसपास नर्सिंग होम आहेत आणि सुमारे 32,000 खाटा. दहातल्या आठ खाटा खासगी किंवा धर्मादाय संस्थांच्या. 1990च्या दशकाच्या अखेरीपासून नर्सिंग होम बांधणाऱ्यांना करसवलती मिळत गेल्या आणि सरकारने स्वतः या कामातून हळूहळू अंग काढून घेतलं. 2009 मध्ये ‘फेअर डील’ योजना आली. तिचा हिशेब असा की, नर्सिंग होममध्ये राहायला गेलेल्या माणसाने आपल्या उत्पन्नातले 80 टक्के द्यायचे आणि मालमत्तेच्या किमतीच्या साडेसात टक्के दरवर्षी. राहतं घर मात्र पहिली तीनच वर्षं धरायचं, आणि त्याच्यावरची रक्कम माणूस गेल्यानंतर वसूल करण्याचीही सोय आहे. उरलेलं सगळं सरकार भरतं. आयुष्यभर राबून बांधलेलं घर म्हातारपणी विकायला लागू नये, यासाठी आखलेली ही योजना मला मनापासून चांगली वाटते. मुलं अमेरिकेत आणि आईवडील पुण्यात एकटे, अशी घरं आपल्यापैकी कितीतरी जणांच्या नात्यात आहेत. त्यांच्यासाठी असा काही विचार आपल्याकडे कधी होईल, हे मनात येतंच.

अडचण दराची आहे. प्रत्येक खासगी नर्सिंग होमशी एनटीपीएफ ही सरकारी संस्था दर ठरवते. नाव वाटाघाटींचं, पण समोर एवढं मोठं गिऱ्हाईक असताना तीस-चाळीस खाटांच्या मालकाने ताणून धरायचं ते किती? 2022च्या सुमारास हा दर सरासरी आठवड्याला हजार-अकराशे युरोंच्या घरात होता. डब्लिनमध्ये बराच जास्त, पश्चिमेकडच्या काउंट्यांमध्ये कमी. एचएसई म्हणजे सरकारी आरोग्यसेवा स्वतः जी नर्सिंग होम चालवते, तिथे खाटेमागचा खर्च याच्या दीडपटीहून अधिक. तिथे जास्त आजारी माणसं असतात, पगार चांगले असतात, हे मान्य. तरी स्वतःला जे काम दीडपट पैशांत जमतं ते दुसऱ्याने एकपट पैशांत करावं, ही अपेक्षा किती वर्षं टिकणार होती?

ती 2022 मध्ये तुटली. युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं, गॅस आणि विजेची बिलं चढली. नर्सिंग होममध्ये हीटिंग बंद ठेवून भागत नाही. नव्वदीच्या माणसाला आयर्लंडच्या जूनमध्येही थंडी वाजते. सरकारने ऊर्जाखर्चातल्या वाढीपोटी महिन्याला जास्तीत जास्त 5,250 युरोंची तात्पुरती मदत दिली, तिने काहींचं निभावलं. परिचारिका चांगल्या पगारासाठी सरकारी रुग्णालयांकडे जात होत्याच. त्यात हिक्वा या नियामक संस्थेचे खोल्यांबाबतचे नियम 2022 पासून पूर्ण लागू झाले. एका खोलीत चारपेक्षा जास्त माणसं नकोत, प्रत्येकाला ठरावीक जागा हवी. हे नियम योग्यच होते. कोविडच्या पहिल्या लाटेत या देशातल्या निम्म्याहून अधिक मृत्यूंची नोंद नर्सिंग होममधली आहे, आणि गर्दीच्या खोल्यांचा त्यात हात होता. पण जुन्या कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे नन्सच्या मठात, किंवा दीडशे वर्षांपूर्वीच्या हवेलीवजा घरात नर्सिंग होम चालवणाऱ्या कुटुंबाला नियमाप्रमाणे भिंती हलवायच्या म्हणजे लाखो युरोंचं कर्ज. 2022 मध्ये डझनाहून अधिक नर्सिंग होम बंद झाली. बहुतेक लहान, बहुतेक डब्लिनबाहेरची, मालकच ज्यांचा व्यवस्थापक होता अशी. नव्या खाटा उभ्या राहत होत्या, पण मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या इमारतींत, आणि जास्त करून राजधानीच्या आसपास. देशाच्या एकूण आकड्यात म्हणून फारसा फरक दिसत नाही. गावात मात्र दिसतो.

त्याच वर्षी, 4 मार्चला, युरोपीय संघाने युक्रेनच्या नागरिकांना तात्पुरतं संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. 51 लाख वस्तीच्या आयर्लंडमध्ये 2023 संपेपर्यंत एक लाखाच्या आसपास युक्रेनियन आले. शिवाय इतर देशांतून आश्रय मागणारे 2022 या एका वर्षात 13,000हून अधिक होते, महासाथीआधीच्या वर्षांच्या जवळजवळ तिप्पट. घरांची टंचाई आधीच भीषण. सरकारने हॉटेलं घेतली, वसतिगृहं घेतली, डब्लिनच्या कडेचं सिटीवेस्टचं परिषद केंद्र घेतलं. 2022च्या अखेरीस नियोजन कायद्यात सूट देऊन शाळा, कार्यालयं, गोदामांबरोबर आरोग्य आणि समाजसेवेच्या इमारतींनाही तात्पुरता निवास म्हणून वापरायची मुभा दिली. गरज खरी होती. बाँब पडत असलेल्या शहरातून मूल कडेवर घेऊन आलेल्या बाईला विमानतळावरून कुठेतरी न्यायलाच हवं होतं, आणि या देशाने तिला नेलं. ते मी इथे राहून बघितलं आहे. त्याबद्दल मला आयर्लंडचा आदर वाटतो.

आता मालकाच्या जागी बसून बघा. समजा चाळीस खोल्यांचं नर्सिंग होम आहे. नियमाप्रमाणे तिथे रात्रंदिवस परिचारिका हवी, प्रत्येक पाळीला काळजीवाहक हवेत, औषधांची नोंद, पडण्याची नोंद, हिक्वाची अचानक तपासणी. उत्पन्नाचा सगळ्यात मोठा वाटा पगारात जातो. हीच इमारत निर्वासितांसाठी दिली तर परिचारिका लागत नाही. एका खोलीत दोन-तीन खाटा बसतात. खोलीला जोडून न्हाणीघर आहे, मोठं स्वयंपाकघर आहे, लाँड्री आहे, आगीपासून बचावाचं प्रमाणपत्र आहे, दारं रुंद आहेत. माणशी दर निम्मा मिळाला तरी खोलीमागे तेवढेच पैसे येतात आणि खर्चाचा मोठा डोंगर उतरतो. ग्राहकही खात्रीचा, सरकार. अशा मालकाला लोभी म्हणणं सोपं आहे. त्यातले काही लोभी असतीलही. पण सहा वर्षं तोट्यात चालवून साठीला आलेल्या नवरा-बायकोसमोर हा हिशेब कोणी मांडून ठेवला, हा माझा प्रश्न आहे.

त्या हिशेबात जी गोष्ट धरलेली नसते ती सांगतो. कायद्याने मालकाला बंद करण्याआधी सहा महिन्यांची नोटीस हिक्वाला द्यावी लागते. सहा महिने ऐकायला पुष्कळ वाटतात. माझ्या ओळखीतली एक मराठी मुलगी अशा बंद होणाऱ्या घरात काळजीवाहक होती. ती सांगायची, पहिल्या दोन आठवड्यांतच नातेवाईक मिळेल तिथे खाट धरायला धावले, कारण जवळपासची रिकामी खाट आज घेतली नाही तर उद्या राहत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या एका आजींना नव्या घरी नेलं तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची उशी, नवऱ्याचा फोटो आणि घरून आणलेली खुर्ची गेली. न्हाणीघराची वाट गेली नाही. जुन्या घरात त्या अंधारातही पलंगाच्या डावीकडून चार पावलं टाकून दार गाठायच्या. नव्या खोलीत दार उजवीकडे होतं. रात्री डावीकडच्या भिंतीशी उभ्या राहून त्या रडायच्या. रोज भेटायला येणारे त्यांचे भाऊ स्वतः पंच्याऐंशीचे, गाडी चालवणं सोडलेले. नवं घर पस्तीस किलोमीटरवर, बस दिवसातून दोनदा. भेटी आठवड्यावर गेल्या, मग पंधरवड्यावर. खाट गेली, खाट मिळाली, आकडा बरोबर राहिला.

म्हणून 18 महिन्यांचा नियम हवा होता. त्याने एक गोष्ट नक्की साधते. वृद्धांना बाहेर काढून लगेच दुसरा करार करायचा, हा मोह मोडतो. दीड वर्ष रिकामी इमारत सांभाळणं फार थोड्यांना परवडतं. शिवाय गावकऱ्यांना सरकार ठामपणे सांगू शकतं की, तुमच्या आजीची खोली कोणा निर्वासितासाठी रिकामी करून घेतलेली नाही. असं न सांगता आल्यावर काय होतं ते जर्मनीने बघितलं आहे. 2023 मध्ये बर्लिनच्या वेडिंग भागात एका नर्सिंग होममधल्या शंभरावर वृद्धांना जागा सोडायला सांगितल्याची आणि तिथे निर्वासित येणार असल्याची बातमी फुटली. त्याच सुमारास लोराख शहरात पालिकेच्या घरातल्या चाळीस भाडेकरूंना निर्वासितांसाठी घर सोडण्याची पत्रं गेली. वर्णद्वेषी पक्षांना यापेक्षा जास्त काही लागत नाही. आयर्लंडमध्येही डिसेंबर 2023 मध्ये गॉलवे काउंटीतल्या रॉसकहिलचं हॉटेल आश्रयार्थी यायच्या आत जाळण्यात आलं. बंद झालेल्या नर्सिंग होमपैकी थोडीच निर्वासितांकडे गेली, बहुतेक दुसऱ्या कारणांनी बंद झाली. पण अफवेला एक खरं उदाहरण पुरतं.

नियमावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप निर्वासितांच्या बाजूने येतो, आणि तो मला सहज झटकता येत नाही. माणसं रस्त्यावर झोपत असताना पक्की, उबदार इमारत दीड वर्ष कुलूपबंद ठेवायची? 2024च्या सुरुवातीला डब्लिनमध्ये माउंट स्ट्रीटवर, आश्रय अर्जांच्या कार्यालयासमोरच, शेकडो पुरुष तंबूत राहत होते. मार्चमध्ये, सेंट पॅट्रिक्स डेच्या तोंडावर, त्यांना बसमध्ये बसवून शहराबाहेरच्या डोंगरात क्रुक्सलिंगला नेलं. तिथे एचएसईचं जुनं सेंट ब्रिजिड्स नर्सिंग होम आहे. त्याआधी ते क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं. पण खोल्या नव्हत्याच दिलेल्या. इमारतीच्या आवारात तंबूच ठोकले होते. काही जण पुन्हा शहरात परतले, माउंट स्ट्रीट पुन्हा तंबूंनी भरला, 1 मेला तो पुन्हा रिकामा करून लोकांना सिटीवेस्टला आणि परत क्रुक्सलिंगला धाडलं.

यातून एक गोष्ट दिसते. क्रुक्सलिंगमध्ये कोणत्याही वृद्धाला कोणा निर्वासितासाठी हलवलेलं नव्हतं. इमारत आधीच रिकामी होती, मालकी सरकारची होती, 18 महिन्यांचा नियम आड येत नव्हता. तरी माणसं तंबूत राहिली, कारण रिकाम्या सरकारी इमारती दुरुस्त करून हाताशी ठेवण्याचं काम कोणी वेळेवर केलंच नव्हतं. तेव्हा चालू घरांना हात लावू दिला असता तर निर्वासितांची सोय झाली असती, हे म्हणणं टिकत नाही. ज्या इमारती वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत त्या जरूर घ्या, नीट दुरुस्त करून घ्या. आणि त्यांची तपासणीही त्याच कसोशीने करा. जानेवारी 2024 पासून आश्रयार्थींच्या कायम केंद्रांची तपासणी हिक्वाकडे आली आहे. तातडीची केंद्रं मात्र तिच्या कक्षेत नव्हती, आणि बहुतेक आश्रयार्थी राहत होते ते तातडीच्याच केंद्रांत. वृद्ध राहत असताना ज्या खोलीचं क्षेत्रफळ फुटपट्टीने मोजलं जायचं, त्याच खोलीत परदेशातून पळून आलेलं कुटुंब आलं की कोणी मोजायला येत नाही, हे बरोबर नाही. मालकाला दुसरा करार स्वस्त पडतो याचं हेही एक कारण आहे. दोन्हीकडे सारखी तपासणी झाली तर तो फरक आपोआप थोडा कमी होईल.

या साऱ्यात परके कोण, हेही विचारायला हवं. आयर्लंडची नर्सिंग होम आज चालतात ती मोठ्या प्रमाणात भारत आणि फिलिपिन्समधून आलेल्या परिचारिकांवर, आणि जून 2021 मध्ये वर्क परमिट खुलं झाल्यापासून आलेल्या काळजीवाहकांवर. त्यात केरळची माणसं सर्वाधिक, पण मुंबई-पुण्याची, नागपूरची, गोव्याचीही भेटतात. घर बंद होतं तेव्हा वृद्धांबरोबर यांचाही तळ हलतो. परमिट मालकाच्या नावाने असतं, दुसरा मालक शोधून नवा अर्ज करेपर्यंत पोटात गोळा. वर सांगितलेल्या मुलीने सहा महिन्यांच्या नोटिशीतले बरेच दिवस आजींना धीर देण्यात आणि रात्री जागून अर्ज भरण्यात घालवले. ‘बाहेरच्यांमुळे आमच्या म्हाताऱ्यांची घरं गेली’ असं ओरडणाऱ्यांना हे माहीत नसतं की त्यांच्या आईचे केस विंचरणारी बाई बाहेरचीच आहे.

मग करायचं काय? पहिलं, दर. प्रत्येक घरातल्या माणसांना किती काळजी लागते ते मोजून त्यावर दर ठरवा, आणि पश्चिमेतल्या लहान घराला डब्लिनपेक्षा कमी मिळण्याची प्रथा मोडा. पश्चिमेत पगार आणि वीज काही अर्ध्या किमतीत मिळत नाही. याला पैसे लागतील. 2023 मध्ये युक्रेनियन आणि आश्रयार्थींच्या निवासावर सरकारने एक अब्ज युरोंहून कितीतरी जास्त खर्च केला, त्यातला बराचसा हॉटेलमालकांच्या खिशात गेला. तो करायलाच हवा होता. पण तिजोरीत पैसे नाहीत हे कारण त्यानंतर वृद्धांना सांगता येत नाही.

दुसरं, नोटिशीचे ते सहा महिने. हिक्वाने एखाद्या घराचा परवाना रद्द केला तर ते चालवायची जबाबदारी कायद्याने एचएसईवर येते. मालक स्वतःहून बंद करतो तेव्हाही एचएसईला ते भाड्याने घेण्याचा किंवा विकत घेण्याचा पहिला हक्क द्या. सगळी घरं वाचवण्यासारखी नसतील. जिन्यांची, ओल आलेली काही बंद झालेलीच बरी. पण जिथे तीस किलोमीटरच्या आत दुसरी खाट नाही, तिथे सरकारने स्वतः उतरायलाच हवं. हे अशक्य नाही. 2025 मध्ये याच सरकारने आश्रयार्थींसाठी सिटीवेस्टचं हॉटेल आणि परिसर 148 दशलक्ष युरोंना विकत घेतला, कारण दरवर्षी भाडं देण्यापेक्षा ते स्वस्त पडतं हे शेवटी उमगलं. 2024च्या धोरणात 2028 पर्यंत 14,000 खाटा सरकारी मालकीच्या करायचं ठरवलं गेलं. तोच हिशेब गावातल्या पस्तीस खाटांच्या घरालाही लावता येतो.

आणि आलेल्या युक्रेनियनांमध्येही म्हाताऱ्या बायका आहेत. मुलीबरोबर आलेल्या, गुडघे गेलेल्या, काही स्मृतिभ्रंश झालेल्या. हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मुलगी कामावर गेल्यावर दिवसभर एकट्या बसणाऱ्या. त्यांना लवकरच परिचारिका आणि रुंद दाराची खोली लागणार आहे. निर्वासितांसाठी नर्सिंग होम बंद होऊ देणाऱ्या धोरणाने या निर्वासितांचंही नुकसानच केलं असतं.

माझी सरकारकडे आणखी एक मागणी आहे, आणि तिला फार पैसे लागत नाहीत. कोणतं नर्सिंग होम कधी बंद झालं याची नोंद हिक्वाकडे असते. निर्वासितांसाठी कोणाशी किती रकमेचा करार झाला याची नोंद निवासाच्या खात्याकडे असते. या दोन याद्या एकत्र करून दर सहा महिन्यांनी जाहीर कराव्यात: कुठलं घर बंद झालं, तिथली माणसं किती दूर गेली, इमारतीचं पुढे काय झालं.